पाहुण्याची पिशवी

१

शाळेचे प्रोजेक्ट मुलांचे नसतात, आयांचे असतात, हे बडोद्यात काय आणि आणखी कुठे काय, सगळ्यांना ठाऊक आहे. तरी निरोप येतो तो मुलांच्याच नावानं. आकांक्षा टीचरनी तिसरीच्या ग्रुपवर शुक्रवारी टाकलं, की ब्रेडच्या स्लाइसना घरातल्या सगळ्यांचे हात लावा, वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करा, आठवडाभर बुरशी कशी येते ती बघा आणि रोज वहीत लिहा. हात धुण्याचं महत्त्व कळलं पाहिजे म्हणे. बाकीच्या आयांनी कपाळाला हात लावला असेल. नलिनी मात्र खूश झाली.

कारण नलिनीचं पोटच ह्याच्यावर चालायचं. नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत ती बारा वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये होती. सॅम्पल घ्या, पिशवीत घाला, सील करा, सीलवरून आडवी सही ठोका. घरातसुद्धा तिच्या तूरडाळीच्या डब्यावर तारीख चिकटवलेली असायची. पीयूष, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा की एखाद्या दिवशी ही माझ्या कपाळावर तारीख टाकून मला बाद करेल.

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर पाच स्लाइस मांडल्या. पीयूष मकरपुऱ्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता, त्यानं ऑइलचे हात तसेच एका स्लाइसवर दाबले. लीलाआत्यांनी साबणानं हात धुऊन एकीला लावला. नलिनीनं सॅनिटायझर चोळून. अवंती खालून मातीत खेळून आली होती, तिनं उजव्या हाताची पाची बोटं पसरून स्लाइसला टाळी दिली आणि खिदळली. आठ वर्षांची पोर, तिला कशाचंही हसू यायचं.

पाचवी स्लाइस नलिनीनं नव्या पाकिटाच्या मधोमधून काढली, तीही गॅसवर तापवून गार केलेल्या चिमट्यानं. ही कंट्रोल, असं तिनं अवंतीला समजावलं. हिला कुणीच शिवायचं नाही, म्हणजे बाकीच्यांची हिच्याशी तुलना करता येते. अवंतीनं चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. आई, बाबा, लीलाआजी, अवंती.

"आणि हिच्यावर?"

"लिही, कोणी नाही," नलिनी म्हणाली.

लीलाआत्या टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या. ह्या पीयूषच्या आत्या, लग्न केलं नाही, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर सगळी नोकरी काढली आणि रिटायर झाल्यावर ह्यांच्याकडे राहायला आल्या. बाई तशी जुनाट नव्हे. पण बोलण्याच्या बाबतीत एकदम कडक. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. घराबाहेर पडताना जाते नाही, येते. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो.

"कोणी नाही, असं लिहून घरात ठेवायचं नसतं, नलिनी," त्या म्हणाल्या. "पाहुणा लिही गं अवंती."

अवंतीला हे फारच आवडलं. तिनं आत्यांकडून अक्षरं विचारून घेत गोल गोल 'पाहुणा' लिहिलं आणि शेजारी एक हसरा चेहरा काढला. नलिनीही हसली. बुरशीला वाचता येत नाही, तुम्हाला हवं ते लिहा, असं म्हणून तिनं पाचही पिशव्यांवर टेप लावली, टेपवरून आडव्या सह्या केल्या आणि त्या फ्रिजवर ओळीनं उभ्या केल्या.

२

भाद्रपदातली बडोद्याची हवा म्हणजे काय सांगावं. पाऊस नाही, वारा नाही, नुसती घामट. पापड मऊ पडतात, मीठ ओलं होतं. बुरशीला आणखी काय हवं?

नलिनीची कंपनीची बस गोरव्याच्या नाक्यावर सव्वासहाला सोडायची. घरी आलं, की चहाच्या आधी पिशव्या खाली काढायच्या, अवंतीनं बघायचं, नलिनीनं फोटो काढायचा, वहीत दोन ओळी. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी पीयूषच्या स्लाइसवर करडा डाग पडला आणि अवंतीनं बापाला घाणेरडा म्हणून घेतलं. तिच्या स्वतःच्या स्लाइसवर पाच हिरवे ठिपके आले होते, एकेका बोटाचा एकेक. ते पाहून तर ती नाचायचीच बाकी राहिली.

पाचव्या दिवशी पाहुण्याच्या पिशवीत बुरशी दिसली.

त्यात नवल नव्हतं. हवेतूनही येते, ब्रेडमध्येही असते. नवल होतं ते तिच्या आकाराचं. मधे तळवा, वर चार बोटं, बाजूला अंगठा. नीट, स्वच्छ, लहान मुलाच्या हाताएवढा हात.

नलिनीला पहिला आला तो राग. तिनं अवंतीला दरडावून विचारलं, की पिशवी उघडली होतीस का. पोरगी रडकुंडीला आली, नाही म्हणाली. मग नलिनीनं टेप बघितली. सही जशीच्या तशी होती, एक रेघ हलली नव्हती. तिनं पिशवी खिडकीशी नेली आणि अवंतीचा हात बाहेरून त्या हातावर धरून पाहिला. जुळला नाही. त्या हाताची करंगळी लांब होती. मधल्या बोटाएवढी लांब, आणि टोकाशी जरा आत वळलेली.

वहीत काय लिहू, असं अवंतीनं विचारलं. नलिनीनं तिला 'कंट्रोलवर थोडी वाढ' एवढंच लिहायला लावलं.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. रात्रीचा स्वयंपाक होईतो नलिनीनं कारण शोधून काढलं होतं. बेकरीतल्या कुणाचा हात लागला असेल, ब्रेड गरम असताना. करंगळी लांब दिसते कारण बुरशी त्या बाजूला पसरली. झालं. तिला बरं वाटलं आणि तिनं पीयूषला हे सांगितलंसुद्धा. त्यानं मोबाइलमधून मान वर न करता हो हो केलं.

दुसऱ्या दिवशी मात्र अवंतीची स्लाइस पांढरी झाली होती.

म्हणजे पाची ठिपके गेले होते. पुसट झाले, वाळले, असं नाही. नव्हतेच. पिशवीवरून दाबली तर स्लाइस आजच आणल्यासारखी मऊ लागत होती. नलिनीनं फोनमधले आधीचे फोटो उघडले. चौथा दिवस, पाच ठिपके. पाचवा दिवस, पाच ठिपके, पण फिकट. पाचव्या दिवशी हे आपल्याला दिसलंच नव्हतं, कारण आपण दुसऱ्याच पिशवीकडे बघत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. बुरशी वाढते किंवा मरते. मागे फिरत नाही. बारा वर्षांत तिनं असं पाहिलं नव्हतं.

"जो ने, बघ ना, ब्रेड आहे तो," पीयूष म्हणाला. "दे फेकून. टीचरला सांग मुंग्या लागल्या."

त्याच वेळी अवंती आतून फोन घेऊन आली. कार्टून लागत नाही म्हणाली. ती काचेवर बोट आपटत होती आणि फोन ढिम्म. नलिनीनं बोट लावलं, लगेच चालू. पुन्हा अवंतीनं लावलं, काही नाही. हात ओले असतील म्हणून नलिनीनं फ्रॉकला पुसले, मग स्वतःच्या ओढणीला पुसले. अवंती दहाही बोटं एकेक करून लावत राहिली. शेवटी तिला त्याचा खेळ वाटून ती हसायला लागली आणि नलिनीनं फोन काढून घेतला.

४

मग नलिनी बघतच सुटली. बघायचं नाही असं ठरवूनही बघायची. स्टीलचा पेला अवंतीनं धरून खाली ठेवला, की त्यावर बोटांचे ठसे नसायचे. आंघोळीनंतर पोर ओल्या पायांनी पळत बाहेर यायची आणि फरशी कोरडी. पेन्सिलीनं वहीत लिहायला बसली तर दाबून दाबून लिहायची, आणि कागदावर दिसेल न दिसेल अशी रेघ. पेन्सिल खराब आहे म्हणून कुरकुरायची. नलिनी नवी पेन्सिल द्यायची.

आणि दुसरीकडे ठसे सापडायला लागले. परातीतल्या कणकेवर एक. बाथरूमच्या आरशावरच्या वाफेत एक, खालच्या कोपऱ्यात. फ्रिजच्या दारावर, हँडलच्या जरा खाली, जिथं लहान मूल हात टेकेल तिथं एक. सगळ्यांची करंगळी लांब. नलिनी ते गुपचूप फडक्यानं पुसून टाकायची.

पुढच्या आठवड्यात शनिवारी ती कामावरून आली तर लीलाआत्या टीव्ही न लावता कोचावर बसल्या होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, दुपारी डोळा लागला होता, तर अवंतीनं येऊन मानेवर हात ठेवला. दमट, ऊबदार हात. बराच वेळ ठेवला. बरं वाटलं म्हणून मीही पडून राहिले.

"पण अवंती तर शाळेत होती ना आत्या?"

"हो," आत्या म्हणाल्या. "ते मला नंतर आठवलं."

दोघींनी फ्रिजकडे पाहिलं. वर पाच पिशव्या उभ्या होत्या. पाहुण्याच्या पिशवीतला हात आता दाट झाला होता, मखमलीसारखा, आणि त्याच्यावर तळहाताच्या रेषा उमटल्या होत्या. नलिनी म्हणाली, उद्या सकाळी टाकून देते. पिशवीवरचं ते गोल अक्षर आपणच सांगून लिहवलं, हे आत्यांच्या मनात घोळत असणार. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

५

लॅबमध्ये एक पद्धत असते. एका सॅम्पलमध्ये खोट निघाली, की त्याच्याबरोबरचं सगळं बाद. एकेक तपासत बसायचं नाही, दया दाखवायची नाही, अख्खी बॅच उचलायची आणि बाहेर. नलिनीच्या हाताला ही सवय इतकी बसली होती, की त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच ती विसरली होती.

रविवारी सकाळी साडेआठला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत सोसायटीच्या फाटकाशी आली. नलिनीनं ग्लोव्ह्ज घातले, पाचही पिशव्या न उघडता एका काळ्या पिशवीत कोंबल्या, गाठ मारली, वर दुसरी गाठ मारली आणि जिना उतरून स्वतः गाडीत टाकून आली. गाडी वळणावरून गेली तेव्हा तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. वर येऊन तिनं फ्रिजचा माथा डेटॉलनं पुसला.

आत्या देवापाशी होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, टाकलीस का. नलिनी म्हणाली, सगळं टाकलं.

"सगळं?" आत्या उठून बाहेर आल्या. "अवंतीचीसुद्धा?"

नलिनीच्या हातात डेटॉलचं फडकं होतं, आणि अवंतीचा हात लागलेली ती एकुलती स्लाइस गाडीबरोबर गेली होती. ती तशीच चप्पल घालून खाली धावली, नाक्यापर्यंत गेली, तिथून पुढे रिक्षा करून गेली. दोन गाड्या सापडल्या, दोन्ही दुसऱ्या वॉर्डाच्या. दुसऱ्या गाडीवरच्या माणसानं हिंदीत विचारलं, की काय हरवलं, सोनं आहे का.

६

ती परत आली तेव्हा अवंती टेबलाशी बसून दूध पीत होती. नलिनीनं तिला मागून मिठी मारली.

आणि तिला काही लागलं नाही.

म्हणजे तिला दिसत होतं. स्वतःचे दोन हात अवंतीच्या खांद्यावर दिसत होते, फ्रॉकला सुरकुती पडलेली दिसत होती, केसांचा वासही येत होता. पण हातांना काही कळत नव्हतं. ऊब नाही, हाड नाही, वजन नाही. बधिर झालेल्या पायावर दुसऱ्या कुणाचा हात ठेवल्यासारखं. तिनं घट्ट आवळलं.

अवंती दूध पीत राहिली. मग मान वळवून आईला पाहिलं आणि दचकली.

"तू कधी आलीस, आई?"

डॉक्टरकडे नेलं. त्यानं तपासलं, सगळं नॉर्मल म्हणाला. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र लावलं तर त्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या, त्यानं सेल बदलले, पुन्हा रेघा आल्या, तर यंत्र बिघडलंय म्हणून त्यानं ते खणात टाकलं. मनगट धरून तो बराच वेळ बसला. मग नलिनीलाच म्हणाला, तुम्ही फार दमलेल्या दिसता, झोप होते का. पीयूषही तेच म्हणाला. त्यानं अवंतीच्या डोक्यावर हात फिरवला, आणि फिरवता फिरवता तो थांबला, स्वतःचा तळवा उलटसुलट करून बघितला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागला. खिशातच होती ती.

नलिनी त्याला काय म्हणणार? तिलाही काही करता येत नव्हतं. बुधवारी तिनं नवा ब्रेड आणला, अवंतीचा हात त्यावर दहा वेळा दाबला, पिशवीवर अवंतीचं नाव तीनदा लिहिलं. बापाचा हात, आत्यांचा हात, स्वतःचा हात, पुन्हा सगळं तसंच केलं. चार पिशव्या. पाचवी भरली नाही. चार दिवसांनी तिघांच्या स्लाइसवर बुरशी आली आणि अवंतीची पांढरीशुभ्र राहिली. कुणीही न शिवलेली.

पाचव्याला आता पिशवीची गरज राहिली नव्हती. संध्याकाळी नलिनी कणीक मळायला घ्यायची आणि वळून पाहीपर्यंत त्या गोळ्यात चार बोटं रुतलेली असायची. अजून गरम.

७

अवंतीला घेऊन रस्त्यावर जायची आता नलिनीला धास्ती वाटायची. हात धरलाय की सुटलाय हे दोघींपैकी कुणालाच कळायचं नाही. त्यामुळे बघत राहावं लागायचं. नजर सतत आपल्या हातावर. मूठ मिटलेली आहे ना, मुठीत चार छोटी बोटं आहेत ना. असं चालणाऱ्या बाईला लोक काय म्हणत असतील ते म्हणोत.

रविवारी संध्याकाळी शिवणाच्या बाईकडून अवंतीचा फ्रॉक आणायचा होता. येताना गोरव्याचा मोठा रस्ता ओलांडायचा होता. सुट्टी असूनही गर्दी होती. कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, भाजीच्या लाऱ्या म्हणजे हातगाड्या, आणि बाइकवाले कुठूनही घुसणारे. नलिनी खाली बघत उभी होती. मूठ मिटलेली, बोटं आत. अवंती तिला शाळेतलं काही सांगत होती. टीचर हल्ली तिला हात वर केला तरी विचारत नाहीत म्हणून रुसली होती.

उजवीकडून एका टेम्पोनं कर्कश हॉर्न मारला. नलिनीनं वर पाहिलं. एकच क्षण.

आणि तिला हातात हात लागला.

खरा. छोटा, दमट, ऊबदार, बोटांत जीव असलेला. तिची बोटं त्यानं गच्च धरली. नलिनीच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. आठवडाभर ती ह्या एका गोष्टीसाठी आतल्या आत तुटत होती. परत आली, पोर परत आली, एवढंच तिच्या मनात आलं, आणि टेम्पो गेल्याबरोबर तिनं तो हात ओढून झपझप रस्ता ओलांडला. खाली बघायची गरजच राहिली नव्हती. कितीतरी दिवसांनी ती समोर बघून चालत होती.

पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर ती म्हणाली, चल, आज आइस्क्रीम खाऊ या. उत्तर आलं नाही. हातातल्या हातानं पकड जरा बदलली. एक बोट निसटून तिच्या तळव्यावरून पुढे सरकलं, मनगटापर्यंत पोचलं आणि नाडीवर येऊन आत वळलं. शेवटचं बोट. करंगळी.

"आई!"

हाक रस्त्याच्या त्या बाजूनं आली होती. नलिनीनं तिकडे पाहिलं. बसगाड्यांच्या फटीतून फ्रॉकची पिशवी घेऊन उभी असलेली अवंती दिसत होती. ती रडत नव्हती. ती आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती.

"तू माझा हात सोडलास का, आई? मला कळलंच नाही."

एक बस मधे आली. ती गेल्यावर अवंती पुन्हा दिसली, पण जरा अंधूक, आणि तिच्या मागचा भाजीवाला तिला वळसा न घालता सरळ लारी पुढे ढकलत येत होता. नलिनीनं ओरडायला तोंड उघडलं. पळायचं होतं, आत्ता, ह्या क्षणी, हात झटकून. पाय उचललेसुद्धा होते तिनं.

पण खरं सांगायचं तर, तो हात फार ऊबदार होता. लहान मुलाचा हात. तिनं खाली पाहिलं नाही. बोटं सोडायला गेली आणि तिच्याच बोटांनी ऐकलं नाही.

रस्त्यापलीकडून अवंती हाका मारत राहिली, आणि नलिनीच्या हातातला हात तिला हळूहळू घराकडे ओढत होता.